पुळण पाहून पाय टाका

समुद्रकाठच्या वाळूला कोकणात पुळण म्हणतात. सगळ्या पुळणी सारख्या नसतात. रत्नागिरीत एकीकडे काळा समुद्र, दुसरीकडे पांढरा समुद्र. पाणी तेच, रंग वाळूचा. काळ्या वाळूत लोह असलेले जड कण असतात.

पण रंगापेक्षा आपण उतार पाहावा. दापोलीजवळच्या मुरूडची पुळण सपाट. पाणी हळूहळू खोल होते. गणपतीपुळ्याला उतार एकदम लागतो. परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. तिथे माणसे बुडाली आहेत.

वेळही पाहावी. अलिबागला ओहोटीत कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येते. भरती आली की वाट बुडते.

म्हणून पाण्यात उतरण्याआधी गावच्या कोळ्याला विचारावे. किनाऱ्यावर पाटी असते. आता आपल्याला वाचता येते. ती वाचावी, लेकरांनाही वाचून दाखवावी.