रक्ताच्या थेंबामागची यंत्रे

दवाखान्यात रक्त घेतात आणि दोन दिवसांनी रिपोर्ट न्यायला या म्हणतात. मधल्या दोन दिवसांत त्या रक्ताचे काय होते, हे कोणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. सिकलसेलने विदर्भातील आपल्या वस्त्यांत आणि आदिवासी गावांत अनेक घरे पोळली आहेत. या घरांनी तरी हे समजून घ्यायला हवे. मोठ्या संशोधन संस्थांत वापरली जाणारी बरीचशी यंत्रे समजायला अवघड नाहीत.

पहिले यंत्र ऑटोक्लेव्ह. हा मोठा प्रेशर कुकरच. दाबाखालच्या वाफेत १२१ अंश सेल्सिअसला भांडी पंधरा-वीस मिनिटे ठेवली की त्यांवरचे जंतू मरतात. दुसरे मायक्रोपिपेट. बॉलपेनसारखे अंगठ्याने दाबायचे हे साधन पाण्याच्या एका थेंबाचा पन्नासावा भागही अचूक मोजून उचलते. तिसरे सेंट्रिफ्यूज. यात रक्ताची नळी गरगर फिरते. जड तांबड्या पेशी तळाशी बसतात, पिवळसर पाणी वर राहते आणि मध्ये पांढऱ्या पेशींचा पातळ थर येतो. जनुके तपासायची असतील तर याच पांढऱ्या पेशींतून डीएनए काढतात.

चौथे यंत्र इलेक्ट्रोफोरेसिसचे. विजेच्या प्रवाहात वेगवेगळी प्रथिने वेगवेगळ्या गतीने सरकतात, एवढेच त्याचे तत्त्व. १९४९ साली अमेरिकेत लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पद्धतीने दाखवून दिले, की सिकलसेलच्या रुग्णाचे हिमोग्लोबिनच वेगळे असते. हा आजार देवाचा कोप नाही, कुणाचे पाप नाही. एका रेणूतला हा दोष आहे, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

पाचवे पीसीआर यंत्र. कोरोनाच्या साथीत हे नाव घरोघरी पोहोचले. कॅरी म्युलिस यांना १९८३ मध्ये ही कल्पना सुचली आणि १९९३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. यंत्र नळी तापवते, थंड करते, पुन्हा तापवते. प्रत्येक फेरीत डीएनएचा हवा तो तुकडा दुप्पट होतो. तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींहून अधिक होऊ शकतात. १९८५ साली या पद्धतीचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला, तो सिकलसेलच्या निदानाविषयीच होता.

आता मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल. हाडांच्या मगजातील मूळ पेशींपासून आपले रक्त जन्मभर तयार होत असते. या पेशी हाताळायला गाळलेल्या हवेचे बंद कपाट लागते, वाढवायला ३७ अंशांचा इन्क्युबेटर लागतो आणि साठवायला उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन. रुग्णाच्या स्वतःच्या मूळ पेशी काढून, त्यांतील जनुकात बदल करून त्या परत देण्याच्या उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर ठेवली गेली. कष्टकऱ्याच्या घराला हा आकडा ऐकूनच घाम फुटेल. जुळणाऱ्या भावाबहिणीचा मगज घेऊन केलेल्या प्रत्यारोपणानेही आजार बरा होऊ शकतो. पण सख्खे भावंड जुळण्याची शक्यता चारात एक, आणि खर्च व धोका तिथेही आहेच.

म्हणून आपल्या हाती आज आहे ती तपासणी. आरोग्य केंद्रात आधी साधी विद्राव्यता चाचणी करतात. ती पॉझिटिव्ह आली तरी माणूस रुग्ण आहे की केवळ वाहक, हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी लागते. पुष्कळ लोक पहिल्या कागदावरच घाबरून थांबतात. थांबू नका, पुढची तपासणी झाली का, असे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. २०२३ पासून केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे, त्याचा लाभ घ्या.

वाहक माणूस सहसा निरोगीच असतो. मुलगी वाहक आहे म्हणून तिला नाकारणे हा अन्याय आहे आणि अज्ञानही. मात्र आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. तेव्हा सोयरीक जुळवताना पत्रिका बाजूला ठेवा आणि दोघांचेही रिपोर्ट पाहा. लग्न झालेल्यांनी गरोदरपणाच्या सुरुवातीलाच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आणखी एक. ही यंत्रे चालवायला माणसे लागतात. स्वच्छ हात, अचूक माप आणि नोंदवहीत खरे लिहिण्याची सवय, एवढ्या भांडवलावर हे काम शिकता येते. बारावी विज्ञान झालेल्या आपल्या मुलामुलींनी प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमांची चौकशी जरूर करावी. वस्तीतल्या रक्ताचा रिपोर्ट उद्या वस्तीतल्याच मुलीच्या सहीने यावा.