हवा गार, पिकअप दमदार!

माहीत आहे का, तुमची गाडी डिझेलपेक्षा हवाच जास्त खाते? एक किलो डिझेल पूर्ण जाळायला किमान साडेचौदा किलो हवा लागते! आणि ती गार असेल तर इंजिन एकदम खूश.

पांढरकवड्याहून पैनगंगा ओलांडली की एनएच ४४ आदिलाबाद जिल्ह्यात शिरतो. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांना भिडतो आणि जानेवारीच्या पहाटे एक आकडी होतो. आता गंमत बघा. ४५ अंशांची हवा १० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ११ टक्के विरळ असते. सिलिंडर तेवढाच, पण ऑक्सिजन कमी! टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेल्या इंजिनाची ताकदही साधारण त्याच प्रमाणात घसरते. ‘रात्री गाडी मस्त पळते’ म्हणणारे ड्रायव्हर काका शंभर टक्के बरोबर आहेत.

मग टर्बो लावला की काम फत्ते? थांबा! हवा दाबली की ती तापते. मेच्या उन्हातली हवा दुप्पट दाबाला नेली तर ती १०० अंशांच्या पार जाते. म्हणून तिला गार करायला मध्ये येतो इंटरकूलर: जाळीमागे, बहुतेकदा रेडिएटरच्या पुढ्यात बसलेला अ‍ॅल्युमिनियमचा चपटा डबा. टाटांच्या ‘४९७ टीसीआयसी’ इंजिनातलं ‘आयसी’ म्हणजे हेच, आइस्क्रीम नव्हे!

रेल्वेचा किस्सा तर भन्नाट. डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन २६०० हॉर्सपॉवरचं. त्याच १६ सिलिंडरांना दमदार टर्बो, जास्त डिझेल देणारे पंप आणि मोठा आफ्टरकूलर (इंटरकूलरचाच भाऊ) मिळाला, आणि ३१०० हॉर्सपॉवरचं डब्ल्यूडीएम-३ए रुळांवर धावू लागलं. ५०० घोडे एक्स्ट्रा!

माहीत आहे का, इंजिनाला चक्क पाणी पाजतात? १९६२ च्या ओल्ड्समोबिल जेटफायर कारमध्ये दाबलेली हवा गार करायला पाणी-मिथेनॉलच्या मिश्रणाची वेगळी टाकी होती. सुबारूच्या डब्ल्यूआरएक्स एसटीआयच्या काही मॉडेल्समध्ये बटण दाबलं की इंटरकूलरवर पाण्याचा फवारा!

आणि २०१८ ची डॉज डीमन? रेसच्या वेळी ती केबिनमधला एसीचा गारवा काढून इंजिनाच्या हवेला देते. ड्रायव्हर घामाघूम, इंजिन गारेगार!

आदिलाबाद हा कापसाचा जिल्हा. हंगामात उडणारे तंतू, धूळ आणि किडे इंटरकूलरच्या फिन्समध्ये अडकले की गारवा गायब. या फिन्स इतक्या नाजूक की नखानेही वाकतात. तेव्हा प्रेशर वॉशरचा मारा नको. हलक्या हवेने, जमेल तिथे मागून पुढे साफ करा.

निर्मलच्या वाटेवर महबूब घाट चढताना बॉनेटखालून ‘फुस्स’ आवाज येतोय, मागे काळा धूर निघतोय आणि गाडी ओढत नाहीये? आधी इंटरकूलरचा होज तपासा. बहुतेकदा क्लॅम्प सुटलेला असतो. पाना फिरवा, निघा!