बहिःस्थ एंजिन, मच्छीमार होडीचे

होडीच्या पिछाडीच्या फळीवर बाहेरून पकडीने अडकविलेले व सबंध काढून नेता येणारे एंजिन. यात एंजिन, उभा दंड, दंतचक्रपेटी व पंखा (मळसूत्री प्रचालक) ही एकाच चौकटीत बसविलेली असतात आणि संपूर्ण यंत्र वळवून होडीला दिशा देता येत असल्याने वेगळ्या सुकाणूची गरज पडत नाही. ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकन यंत्रज्ञांनी १९०९ मध्ये असे एंजिन विक्रीस आणले व तेव्हापासून त्याचा प्रसार झाला. मूळ उपयोग सहलीच्या नौकांसाठी होता. भारतातील पारंपरिक मासेमारीत त्याचा झपाट्याने शिरकाव झाला तो मुख्यतः १९८० नंतरच्या दशकात, विशेषतः केरळच्या किनाऱ्यावर. कोकणात डोल जाळ्याच्या मोठ्या नौकांत आतच बसविलेली डीझेल एंजिने असतात. बहिःस्थ एंजिन कोकणात व गोव्यात लहान होड्यांवर दिसते.

एंजिन किती अश्वशक्तीचे घ्यावे, हा प्रश्न वरवर पाहता वेगाचा वाटतो; वस्तुतः तो होडीच्या आकाराचा व वजनाचा आहे. पाण्यातून जाणारी होडी स्वतःच लाटा निर्माण करते. वेग वाढतो तसतशी या लाटेची लांबी वाढते व ती होडीच्या जलरेषेवरील लांबीइतकी झाली की होडी आपल्याच लाटेच्या उतारावर बसल्यासारखी होते. नाळ वर उचलली जाते, पिछाडी खाली दबते. हा सीमावेग नॉटमध्ये काढण्यासाठी जलरेषेच्या मीटरमधील लांबीच्या वर्गमुळास सु. २.४ ने गुणतात. ६.५ मी. जलरेषेच्या होडीचा सीमावेग त्यावरून सु. ६.१ नॉट येतो. त्याच्या बऱ्याच खाली असताना लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग आठाचा सात नॉट केला तर शक्तीची गरज जवळजवळ एक तृतीयांशाने घटते. सीमावेगाच्या आसपास मात्र वाढ याहूनही तीव्र असते.

सपाट तळाची हलकी होडी पुरेशी शक्ती मिळाल्यास या लाटेवर चढून पाण्याच्या पृष्ठावरून घसरत जाऊ शकते. त्यासाठी दर अश्वशक्तीमागे सर्व भार मिळून २० ते २५ किग्रॅ. हून अधिक वजन असू नये, म्हणजे दर टनास ४० ते ५० अश्वशक्ती हवी. याउलट पाणी बाजूला सारत जाणाऱ्या होडीस दर टनास सु. ३ ते ५ अश्वशक्ती पुरते. ही दहापट तफावत ध्यानात न घेतल्यामुळेच बहुतेक चुका होतात. रिकामी होडी किनाऱ्यालगत झपाट्याने घसरत जाते व गिऱ्हाईक खूष होते. तीच होडी ओली जाळी, बर्फ व मासळी घेऊन परतताना घसरू शकत नाही आणि मोठे एंजिन केवळ मोठी लाट उठवीत राहते.

वजन काढताना म्हणूनच भरलेली होडी धरावी लागते. उदा., वरील होडीचे स्वतःचे वजन ९०० किग्रॅ., तीन माणसे २०० किग्रॅ., जाळी २५० किग्रॅ., बर्फ व मासळी ३५० किग्रॅ. आणि एंजिन व इंधन १०० किग्रॅ. मानल्यास एकूण भार १.८ टन होतो. ५ ते ५.५ नॉट वेगासाठी तिला सु. ८ अश्वशक्ती लागेल. एंजिन सतत पूर्ण क्षमतेने चालवू नये, तळाला शिंपले व शेवाळ धरल्यावर प्रतिरोध वाढतो आणि समोरून वारा असतो, यांसाठी सु. एक पंचमांश राखीव ठेवल्यास १० अश्वशक्तीच्या आसपासचे एंजिन योग्य ठरते. याच होडीवर २५ अश्वशक्तीचे एंजिन पूर्ण उघडून चालविले, तर वेग अंदाजे दीड नॉटने वाढेल. द्विधाव एंजिनास दर अश्वशक्तीमागे ताशी सु. अर्धा लिटर इंधन लागते, असे धरल्यास १० सागरी मैलांसाठी पहिल्या एंजिनाला सु. ७.५ लिटर, तर दुसऱ्याला सु. १८ लिटर इंधन लागेल. वाचतील ती पंचवीसेक मिनिटे. ताज्या मासळीला लिलावात पहिला भाव मिळत असेल, तर ही मिनिटेही मोलाची असतात, हे नाकारता येत नाही. पण तो हिशोब रोजच्या इंधनाशी ताडून पाहावयास हवा. चतुर्धाव एंजिन कमी इंधन घेते, मात्र ते जड व महाग असते. केरोसिनवर चालणारी एंजिने पेट्रोलवर सुरू करून मग केरोसिनवर घेतात.

केरळात सुरुवातीची एंजिने ७ ते १० अश्वशक्तीची होती. शेजाऱ्याच्या आधी माशांच्या थव्यापाशी पोहोचण्याच्या चढाओढीत ती २५ व ४० अश्वशक्तीपर्यंत गेली आणि रिंग सीन जाळ्यांच्या मोठ्या होड्यांवर ४० अश्वशक्तीची दोन-तीन एंजिने दिसू लागली. सर्वांचीच शक्ती वाढल्यावर कोणाचीच आघाडी उरली नाही. इंधनाचा खर्च व कर्ज मात्र राहिले.

अपुरी शक्तीही धोक्याची असते. खाडीच्या मुखाशी ओहोटीचा प्रवाह ३ नॉट असल्यास ५ नॉट वेगाची होडी जमिनीच्या संदर्भात अवघ्या २ नॉटनी पुढे सरकते आणि वाळूच्या दांड्यावर लाटा फुटत असताना अशी रखडलेली होडी आडवी होऊन उलटू शकते. दुसऱ्या टोकाला, ४० अश्वशक्तीच्या एंजिनाचे सु. ७० किग्रॅ. वा अधिक वजन अगदी पिछाडीवर पडते. मागून येणारी लाट फळीवरून आत शिरते व जोरात वळण घेताना होडी कलंडते. फळीची मजबुती व होडी बांधणाऱ्याने सांगितलेली कमाल शक्ती ओलांडू नये. एंजिन एकच असेल तर वल्ही किंवा शीड बरोबर ठेवणे आवश्यक असते.

योग्य शक्ती निवडूनही पंखा चुकला तर ती वाया जाते. कारखान्यातून येणारा पंखा बहुधा हलक्या, वेगवान नौकेसाठी असतो. जड होडीला कमी अंतराल (एका फेऱ्यात पंखा सैद्धांतिक दृष्ट्या जितका पुढे जातो ते अंतर) असलेला व शक्य तितक्या मोठ्या व्यासाचा पंखा मानवतो. फळीच्या उंचीप्रमाणे आखूड (सु. ३८ सेंमी.) वा लांब (सु. ५१ सेंमी.) दंडाचे एंजिन घ्यावे लागते, पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या पातळीत किंवा किंचित खाली यावी, नाहीतर पंखा हवा ओढतो. शेवटची कसोटी पाण्यातच होते. पूर्ण भरलेली होडी पूर्ण उघड्या एंजिनावर चालवून फेरे मोजतात. उत्पादकाने दिलेल्या मर्यादेपर्यंत (पुष्कळ एंजिनांत मिनिटास ४,५०० ते ५,५००) ते पोहोचत नसतील, तर एंजिन गुदमरत आहे असे समजून अंतराल कमी करतात, अंतराल २.५ सेंमी. ने कमी केल्यास फेरे साधारणतः दोनशेच्या आसपास वाढतात. मर्यादा ओलांडली जात असेल, तर अधिक अंतरालाचा पंखा बसवितात.