ओव्हलसमोरचे न्यायमंदिर

बांधणी : मुंबई उच्च न्यायालयाची स्थापना 1862 मध्ये झाली, पण फोर्टमधली आजची इमारत नंतरची. एप्रिल 1871 मध्ये सुरू झालेले काम नोव्हेंबर 1878 मध्ये संपले आणि जानेवारी 1879 पासून इथे कामकाज चालू लागले. आराखडा कर्नल जेम्स फुलर यांचा, शैली व्हिक्टोरियन गॉथिक.

रूप : लांबी 562 फूट, रुंदी 187 फूट आणि मधला मनोरा 175 फूट उंच. दोन अष्टकोनी मनोऱ्यांवर ‘न्याय’ आणि ‘दया’ यांचे पुतळे आहेत. आतल्या दगडी खांबांवर कारागिरांनी पशुपक्षी कोरले. त्यांतले तराजू धरलेले, एका डोळ्यावर पट्टी बांधलेले माकड विशेष प्रसिद्ध आहे.

इतिहास : जुलै 1908 मध्ये याच इमारतीत लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. न्या. दिनशा दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा सुनावली. त्या वेळचे टिळकांचे उद्गार कोरलेल्या संगमरवरी फलकाचे अनावरण 1956 मध्ये मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी केले.

जतन : 2018 मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तूंना युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांत ही इमारतही आहे.

वाढत्या कामकाजासाठी आता वांद्रे पूर्वेला नवे संकुल उभारायचे आहे. ते झाल्यावरही या जुन्या दालनांत न्यायदान चालू राहायला हवे. वापरातली वास्तूच नीट राखली जाते.