पिनकोडातील हर्षद संख्या

छत्रपती संभाजीनगरच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिनकोड ४३१००१ आहे. त्यातील अंकांची बेरीज ९. आता ४३१००१ ला ९ ने भागा. उत्तर ४७८८९, बाकी शून्य!

अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणाऱ्या संख्यांना देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) यांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणाऱ्या, असे नाव दिले.

येथे मात्र योगायोग नाही. १०, १००, १००० यांना ९ ने भागल्यास बाकी १ च उरते. म्हणून संख्येची बाकी आणि अंकांच्या बेरजेची बाकी सारखीच येते. अंक उलट क्रमाने लिहा, १००१३४, तीही हर्षदच!

शेजारच्या ४३१००२ मधील अंकांची बेरीज १०. पण शेवटी शून्य कुठे आहे? तुमचा पिनकोड काय म्हणतो?