विम्याचे पत्र उघडले जाते ते कशामुळे?



गेल्या दिवाळीच्या सुमाराची गोष्ट. आमच्या गावातल्या किराणा दुकानात मी पावशेर शेंगदाणे मागितले. दुकानदाराने बाजूच्या रद्दीतून एक बंद पाकीट उचलले, टर्रकन फाडले, आतला छापील कागद काढला आणि त्याची पुडी बांधून माझ्या हातात दिली. घरी येऊन कागद उलगडून पाहतो, तो विम्याच्या एजंटाचे पत्र! 'अभिनंदन! आपली खास निवड झाली आहे', अशी त्याची सुरुवात होती. ते पत्र उघडणारा पहिला मनुष्य म्हणजे तो दुकानदार, आणि वाचणारा पहिला मी.

पत्राखालची सही पाहिली आणि मी चपापलो. एजंट माझाच एक जुना विद्यार्थी निघाला. पुढे तो भेटला तेव्हा म्हणाला, "सर, चारशे पत्रं टाकली. छपाई झाली, तिकिटं झाली. उत्तरं किती आली म्हणता? तीन! आणि त्यातली दोन तर 'पुन्हा पाठवू नका' म्हणून."

मी त्याला विचारले, "पाकिटावर काय छापलं होतंस?"

"तातडीचे, असं लाल अक्षरात. लोकांनी उघडावं म्हणून."

त्याचे चुकले ते इथेच. आपल्याकडे पत्र उघडण्याच्या आधीच बोलू लागते. पाकिटाच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लागलेले दिसले की घरातली पोरेसुद्धा ओळखतात, कुठले तरी लग्न निघाले. पूर्वी कोपरा फाटलेले पोस्टकार्ड आले की मजकूर वाचण्याआधीच बायका डोळ्यांना पदर लावीत. तारेचेही तसेच. 2013 साली ती बंद झाली, पण तारवाला दारात आला की काळजात धस्स होई, हे जुन्या माणसांना आजही आठवते. ज्या समाजाला पाकिटाचा चेहरा इतका वाचता येतो, त्याला 'तातडीचे' हा लाल शिक्का कितीदा फसवील? एकदा फसवील. दुसऱ्या खेपेला पाकीट थेट रद्दीत जाईल.

बरे, नुकसान केवळ तिकिटांचे असते तर मी हा विषय आपल्यापुढे घेतला नसता. आमच्याच शेजारच्या वाडीतला एक शेतकरी. त्याने आयुर्विमा उतरवला आणि पहिल्या वर्षाचा हप्ता भरला. पुढल्या वर्षी हप्त्याची आठवण देणारे पत्र आले. पण त्या महिन्यात 'खास निवड' आणि 'शेवटची संधी' अशी आणखी चारपाच पाकिटे आली होती. त्याने सगळीच भिंतीवरच्या तारेच्या आकड्याला अडकवून ठेवली. वर्षाच्या हप्त्याला साधारणपणे 30 दिवसांची सवलतीची मुदत असते. त्या मुदतीत मनुष्य गेला, तरी राहिलेला हप्ता वजा करून विम्याची रक्कम मिळते. ही मुदत उलटली आणि पॉलिसी बंद पडली. त्यानंतर दोन महिन्यांनी तो शेतकरी अपघातात गेला. दिवस झाल्यावर त्याच्या पत्नीने आकड्यावरची पाकिटे खाली काढली. खरे पत्र खोट्या पत्रांच्या गर्दीत, बंदच होते.

तेव्हा विम्याचे पत्र उघडले जाणे ही केवळ एजंटाच्या कमिशनची बाब नव्हे. आणि ते उघडले जाण्याचा उपाय पाकिटावरच्या युक्तीत नाही, पाठवणाऱ्याच्या नावाच्या पतीत आहे. ही पत कशी मिळवावी, ते आता क्रमाने पाहू.

पाकीट हातात आले की मनुष्य तीन गोष्टी पाहतो. कोणाचे आले, कोणाला आले आणि आताच का आले.

पहिली गोष्ट, कोणाचे. पाकीट साधे असावे. त्यावर पाठवणाऱ्याचे नाव, गाव आणि फोन नंबर स्वच्छ लिहावा. पुष्कळ एजंट आपले नाव लपवतात. विम्याचे नाव दिसले तर कोणी उघडणार नाही, अशी त्यांना भीती वाटते. पण निनावी पाकिटाबद्दल मनात आधीच शंका उभी राहते. सरकारी कागदासारखे दिसणारे पाकीट तर करूच नये. चार सिंहांची राजमुद्रा धंद्यासाठी वापरण्यास 2005 च्या कायद्याने मनाई आहे. त्याचप्रमाणे 'पहिला हप्ता आमच्याकडून' असले आमिषही चालत नाही. 1938 च्या विमा कायद्याचे कलम 41 कमिशनातला वाटा गिऱ्हाइकाला देण्यास बंदी करते आणि दंड 10 लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो. जाहिरातीचा मजकूर छापण्यापूर्वी तो आपल्या विमा कंपनीकडून मंजूर करून घ्यावा, हेही विसरू नये.

दुसरी गोष्ट, कोणाला. 'माननीय ग्राहक' या नावाचा मनुष्य कुठल्याच गावात राहत नाही. नाव हाताने लिहावे आणि चौकशी करून लिहावे. नवरा वारलेल्या बाईला 'सौ.' लिहिलेले पाकीट गेले, तर ते उघडण्याआधीच तिच्या काळजाला घर पडते. वर्षापूर्वी वारलेल्या गृहस्थाच्या नावाने विम्याचे पत्र जाणे याहून वाईट. मुक्काम आणि पोस्ट वेगळे असतील तर दोन्ही लिहावे, तालुका, जिल्हा लिहावा आणि सहा आकडी पिनकोड चुकवू नये. 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी गृहस्थांनी बसवली. ते टपाल खात्यातले अधिकारी, आणि संस्कृतचे कवीही होते. एकाच नावाची गावे देशात कितीतरी. त्यांतले नेमके आपले गाव तो आकडा दाखवतो.

तिसरी गोष्ट, आताच का. इथे खेड्यातल्या एजंटाला मोठ्या कंपनीपेक्षा अधिक कळते. कापूस, सोयाबीन विकून कोणाच्या हातात पैसा कधी येतो, उसाचे बिल कधी मिळते, कोणाच्या घरी पाळणा हलला, हे त्याला ठाऊक असते. हप्त्याची आठवण तारखेच्या तीन आठवडे आधी टाकावी. हल्ली मोबाइलवर संदेश येतात हे खरे. पण नंबर बदलतो आणि संदेश इतर संदेशांखाली गडप होतो. कागद डोळ्यांसमोर राहतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचे असे की, वर्षातून एखादे पत्र असे जावे, ज्यात आपला काडीचा लाभ नाही. उदाहरण सांगतो. बँकेच्या किंवा पोस्टाच्या खात्यातून दोन सरकारी विमे मिळतात. प्रधानमंत्री जीवनज्योती योजनेचा वर्षाचा हप्ता 436 रुपये आणि सुरक्षा योजनेचा 20 रुपये. दोन्हींचे वर्ष 1 जूनला सुरू होते आणि पैसे खात्यातून परस्पर वळते होतात. खात्यात शिल्लक नसेल तर विमा तुटतो. मग मेच्या पहिल्या आठवड्यात एजंटाने चार ओळींचे साधे पोस्टकार्ड टाकावे: "आपण हे विमे घेतले असतील, तर खात्यात 456 रुपये शिल्लक आहेत का, एवढे पाहून घ्या." पोस्टकार्ड उघडावे लागत नाही, पोस्टमनही वाचतो, शेजारीही वाचतो. वाचू द्यावे. आपल्या फायद्याची गोष्ट न मागता सांगणारा मनुष्य म्हणून त्याचे नाव वाडीभर होते. पुढे त्याच नावाचे बंद पाकीट आले, तर ते आकड्याला अडकून राहत नाही.

माझ्या विद्यार्थ्याला हे सारे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "सर, चारशे पत्रं हातानं लिहायची म्हणजे बोटं मोडतील!"

मी म्हटले, "चारशे कोणी सांगितली? आठवड्याला दहा लिही. वर्षाकाठी पाचशेवीस होतात. वहीत नोंद ठेव, कोणाला कधी लिहिलं, कोणी काय उत्तर दिलं. आणि पत्रात लिहिशील की अमक्या दिवशी येईन, तर त्या दिवशी ये."

त्याने तसे सुरू केले आहे. परवा भेटला तेव्हा उत्तरे किती आली, ते त्याने सांगितले नाही. एवढेच म्हणाला, "एका आजीनं माझं पत्र शाळेत नेऊन गुरुजींकडून वाचून घेतलं, सर."

शिक्षक बंधुभगिनींना शेवटी एक विनंती. पाचवी-सहावीच्या वर्गात पत्रलेखन आपण शिकवताच. त्याबरोबर एकदा मुलांना सांगा, आज घरी गेल्यावर आकड्यावरची न उघडलेली पाकिटे खाली काढा, आईवडिलांना विचारून उघडा आणि त्यांना वाचून दाखवा. दहांतली नऊ रद्दीची निघतील. दहाव्या पाकिटात हप्त्याची तारीख असेल.