काळ्या गाईचें तांबडें वासरूं : एक गैरसमज व त्याचें निरसन

काळ्या संकरित गाईस काळ्या वळूची रेतमात्रा दिली असतां तांबडें वासरूं जन्मलें, म्हणजे गांवांत दोनच तर्क निघतात. रेतन करणाऱ्यानें भलतीच कांडी वापरली, किंवा गाय विकणाऱ्यानें फसविलें. या तर्कापायीं ठरलेले पैसे अडविले जातात, वर्षानुवर्षांचा संबंध तुटतो, आणि चांगली कालवड मातीमोलानें बाजारांत जाते. प्रस्तुत लेखकानेंही एकदां असाच दोष एका प्रामाणिक मनुष्याच्या माथीं मारिला होता. म्हणून या विषयाचा खुलासा करणें तो आपलें कर्तव्य समजतो.

रंग आईबापांकडून वासरांत कोणत्या नियमानें उतरतो, याची किल्ली वाटाण्याच्या वाफ्यांत सांपडली. ब्रनो येथील मठांत राहणाऱ्या ग्रेगोर मेंडेल यांनीं वाटाण्याच्या झाडांवर अनेक वर्षें प्रयोग करून त्यांचें फलित १८६६ सालीं प्रसिद्ध केलें. त्या वेळीं त्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. १९०० सालीं मात्र त्याचें महत्त्व विद्वानांस कळलें. पुढें तोच नियम गुरांच्या कातडीवरील केसांनाही लागू पडतो असें दिसून आलें.

तो नियम आपल्या ओळखीच्या दप्तरावरून सहज समजेल. एखाद्या गटाच्या सातबारा उताऱ्यावर दोन भावांचीं नांवें असतात. परंतु जमिनीवर वहिवाट एकाचीच दिसते. दुसरा परगांवीं असतो, म्हणून त्याचा हक्क कांहीं बुडत नाहीं. वारसाची नोंद होते तेव्हां त्याच्या मुलाचें नांव बरोबर पुढें येतें. प्राण्याच्या शरीरांतही रंगाच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडील व एक बापाकडील. गुरांत काळ्या रंगाची प्रत प्रबळ व तांबड्या रंगाची सुप्त असते. ज्या गाईजवळ एक प्रत काळी व एक तांबडी आहे, ती दिसावयास काळीच दिसते. तथापि वासरास देतांना ती दोहोंपैकीं कोणतीही एक प्रत देते, आणि कोणती द्यावयाची हें तिच्या हातीं नसतें.

आतां जोड्यांचा हिशेब पाहूं. दोन्ही प्रती काळ्या असलेला वळू तांबड्या गाईस लाविला, तर सर्व वासरें काळीं होतील. पण प्रत्येकांत तांबडी प्रत लपलेली राहील. अशीं दोन मिश्र काळीं जनावरें एकत्र आलीं, तर सरासरीनें चारांत एक वासरूं दोन्ही प्रती काळ्या असलेलें, दोन मिश्र काळीं व एक तांबडें होतें. मिश्र काळें जनावर तांबड्याशीं जोडलें, तर निम्मीं वासरें तांबडीं होतात. ही केवळ सरासरी होय. पहिलेंच वासरूं तांबडें होऊं शकतें, किंवा लागोपाठ पांच काळीं होऊं शकतात. नाणें उडवितांना जो न्याय, तोच येथें.

आपल्याकडील संकरित गाईंत हा प्रकार वारंवार दिसण्याचें कारण उघड आहे. तांबड्या गीर अगर लाल कंधारी गाईस होल्स्टीन वळूची मात्रा दिली कीं पहिल्या पिढीची कालवड बहुधा काळी निपजते, व आईची तांबडी प्रत तिच्यांत झांकून राहते. होल्स्टीन वळूंपैकींही कांहींजवळ तांबडी प्रत असते. अशा वळूची मात्रा त्या कालवडीस मिळाली, कीं लपलेला वारस प्रगट होतो. यांत कोणाचीही लबाडी नसते.

ठिपक्यांविषयींही असाच भ्रम आहे. होल्स्टीनसारखे पांढरे पट्टे नसले, कीं वासरूं त्या वळूचें नव्हेच, असें कित्येक म्हणतात. पांढऱ्या पट्ट्यांचे जनुक काळ्या-तांबड्याच्या जनुकाहून निराळे आहेत. देशी गाईच्या पहिल्या संकरांत अंग बहुतेक एकरंगी काळें व पोटाखालीं थोडें पांढरें, असें पुष्कळ वेळां आढळतें. खिलार वासराच्या डोक्यावरचा तांबूस रंग दोन-तीन महिन्यांत नाहींसा होतो, हें तर जाणत्या शेतकऱ्यांस ठाऊकच आहे. तेव्हां जन्मतःच रंगावरून निकाल देणें धोक्याचें.

सर्वच रंग प्रबळ व सुप्त या दोन वर्गांत बसत नाहींत. इंग्लंडच्या शॉर्टहॉर्न जातींत तांबडें व पांढरें जनावर एकत्र आलें, तर वासराच्या अंगावर तांबडे व पांढरे केस मिसळून येतात. अशीं दोन मिसळीचीं जनावरें जोडलीं, तर सरासरीनें चारांत एक तांबडें, दोन मिसळीचीं व एक पांढरें होतें. म्हणून त्या मिसळीच्या रंगाचा स्थिर कळप कितीही निवड केली तरी बनत नाहीं.

मग संशय घ्यावाच केव्हां? दोन काळ्यांपासून तांबडें झालें, तर संशयास जागा नाहीं. परंतु तांबड्या गाईस तांबड्या वळूची मात्रा दिली असतां काळें वासरूं झालें, तर चौकशी अवश्य करावी. कारण प्रबळ रंग सहसा लपून राहत नाहीं. यासही क्वचित् अपवाद असतात. म्हणून वाद मोठा असल्यास रंगावर न विसंबतां वासराची, गाईची व वळूची डीएनए तपासणी करून घ्यावी.

रंगाला कांहींच किंमत नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. फिक्या रंगाचे केस ऊन परतवितात, व त्याखालील काळी कातडी उन्हापासून रक्षण करिते. कडक उन्हाळ्याच्या मुलखांत याचा उपयोग आहे. परंतु दुधाचे गुण ठरविणारे जनुक अनेक व निराळे आहेत. कालवड विकण्यापूर्वीं तिच्या आईचें दूध व वळूच्या मुलींचें दूध पाहावें.

याकरितां एक साधी वही ठेवावी. रेतनाची तारीख, कांडीवर छापलेला वळूचा क्रमांक, गाईच्या कानांतील बिल्ल्याचा बारा आंकडी क्रमांक, आणि वासराचा रंग, इतक्या नोंदी पुरेत. तीन-चार वेतांत कोणत्या गाईजवळ तांबडी प्रत आहे, हें आपोआप उमजूं लागतें.

प्रस्तुत लेखकाजवळ अशी वही त्या वेळीं नव्हती. खरी गोष्ट कळल्यावर त्यानें त्या मनुष्याच्या घरीं जाऊन अडविलेले पैसे दिले व क्षमा मागितली. त्यानें ती मोठ्या मनानें केली. परंतु रागाच्या भरांत विकलेली तांबडी कालवड कांहीं परत आली नाहीं. आणि तिची आई त्या वेळीं गोठ्यांतील सर्वांत दुधाळ गाय होती.